आठवणीची पेटी आणि तिची किल्ली



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही "डीव्हीआरची हार्ड डिस्क" असे उत्तर दिले. चालक थोडे हसले. इतिहासाच्या व्याख्यानांत शिवकाल यावा, पेशवाई यावी, फार तर खानदेशातल्या गिरण्या याव्यात. दुकानाच्या गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीखाली धूळ खात पडलेली ती काळी पेटी इतिहासात कशी यावी? त्यांची शंका रास्त होती. तिचे उत्तर आम्ही एका हकिगतीने देतो, कारण आम्हांला स्वतःलाही हा इतिहास त्या हकिगतीनेच वाचायला लावला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच भागातल्या एका जिनिंगमध्ये, ऐन हंगामात, रात्रपाळीला एका बाईचा उजवा हात पट्ट्यात सापडला आणि चार बोटे गेली. बाई म्हणाली, पट्ट्यावरची जाळी दोन दिवसांपासून काढून ठेवलेली होती. व्यवस्थापक म्हणाले, जाळी जागच्या जागी होती, बाईनेच चालू यंत्रात हात घातला. आता त्या जिनिंगमध्ये आठ कॅमेरे होते आणि त्यांतला एक नेमका त्या पट्ट्यावर रोखलेला होता. आम्हांस वाटले, मग वाद कसला? चित्र पाहावे आणि मोकळे व्हावे.

पण बाई दवाखान्यात, घरची माणसे गांगरलेली. प्रकरण आमच्यापर्यंत यायला नववा दिवस उजाडला. दहाव्या दिवशी आम्ही लेखी अर्ज दिला. अकराव्या दिवशी पेटी चालू करून पाहिली, तर तिच्यात मागल्या पाच-सहा दिवसांचेच चित्रण शिल्लक होते. आम्ही तडकलो. कोणी पुसले, असे दरडावून विचारले. पेटीची देखभाल करणारा एक तरुण कारागीर तेथे होता. तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, कोणीच पुसलं नाही. डिस्क भरली की ती जुन्यावर नवं लिहिते. विसरायचं किती, ते डिस्क घेतानाच ठरतं."

पुढे त्या बाईला भरपाई मिळाली, नाही असे नाही. पण साक्षीदार हंगामी मजूर. हंगाम संपताच ते आपापल्या गावी पांगले. त्यांना गोळा करता करता दोन वर्षे गेली, आणि शेवटी हक्काहून कमी रकमेवर तडजोड करावी लागली. त्या दोन वर्षांत त्या कारागिराचे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. विसरायचे किती, हे जर कोणीतरी आधीच ठरवून ठेवत असेल, तर ते कोण ठरवतो, कशाच्या हिशेबाने ठरवतो, आणि ते बदलता येते की नाही, हे शोधण्यास आम्ही लागलो.

प्रथम त्या हिशेबाचेच पाहू. एक कॅमेरा साधारण बरे चित्र देत असेल, तर तो सेकंदाला वीस लाख बिट, म्हणजे अडीच लाख बाइट इतका मजकूर पाठवतो असे धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की एका कॅमेऱ्याचे दिवसाचे २१.६ गिगाबाइट होतात. आठ कॅमेऱ्यांचे १७२.८. त्या जिनिंगच्या पेटीत एक टेराबाइटची, म्हणजे हजार गिगाबाइटची डिस्क होती. हजारास १७२.८ ने भागा; पावणेसहा दिवस येतात. आमचा अर्ज दहाव्या दिवशी गेला. म्हणजे सत्य आमच्या अर्जाच्या चार दिवस आधीच नाहीसे झाले होते. ते कोणी लबाडीने नाहीसे केले नव्हते, साध्या भागाकाराने नाहीसे झाले होते. डिस्क खरेदी करताना ज्याने दोन-चार हजार रुपये वाचवले, त्याच्या मनात त्या बाईचे वाईट नव्हते. त्याच्या मनात ती बाईच नव्हती.

आता थोडे मागे जाऊ. नोंद ठेवण्याच्या कामात आपला खानदेश कधीच मागे नव्हता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते आणि साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. बोलणारा ओघात बोलत होता. समोर यंत्र नव्हते. होते ते गुरुजी. त्यांनी ती प्रवचने ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणून "गीता प्रवचने" आज आपल्या घरात आहेत. गुरुजींनी एखादा रविवार चुकवला असता, तर तो अध्याय भिंतींनी ऐकला आणि भिंतींतच जिरला असता.

दुसरे उदाहरण जळगावचे. असोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी यांस लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या गाणी रचीत. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतली जी कानी पडली ती कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापून निघाली. जी उतरवली गेली ती राहिली. जी उतरवली गेली नाहीत, त्यांचा हिशेब कोणापाशी नाही.

तिसरे उदाहरण इतिहासाचार्य राजवाड्यांचे. गावोगावच्या वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी खात असलेली दप्तरे त्यांनी आयुष्यभर पायपीट करून मिळवली, वाचली, नकलून घेतली आणि "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" म्हणून खंडांमागून खंड छापले. १९२६ सालच्या अखेरीस ते धुळ्यातच निवर्तले. त्यांच्या पश्चात, १९२७ साली, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले आणि ती दप्तरे तेथे नीट लावून ठेवली गेली.

या तीन उदाहरणांत तीन कामे दिसतात. वेळेवर टिपणे हे पहिले, साठवणे हे दुसरे आणि राखणे हे तिसरे. ती काळी पेटी पहिली दोन कामे माणसाहून चांगली करते. तिला झोप नाही, जांभई नाही. पण तिसरे काम, राखणे, तिला येत नाही. ती भरते आणि पुसते. राखायचे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते.

आता कामगाराच्या बाजूने हाच इतिहास पाहा. गिरण्यांच्या काळात कामगाराची आठवण हजेरीच्या मस्टरात असे. अमळनेर, जळगाव, चाळीसगाव, धुळे येथील गिरण्यांनी आपल्या भागाला रोजगार दिला, आणि मस्टरही दिले. मस्टर असे मालकाच्या कपाटात. किती दिवस भरले, किती खाडे झाले, जादा काम किती केले, हे सर्व मालकाच्या वहीत, मालकाच्या कारकुनाच्या हाताने लिहिलेले. कामगाराचा त्यावर फक्त अंगठा. म्हणूनच "आमच्या हातात हजेरी कार्ड द्या, पगाराची चिठ्ठी द्या" ही मागणी पगारवाढीइतकीच जुनी आहे. नोंद एकाच बाजूच्या कपाटात असली की ती नोंद न राहता त्या बाजूचे म्हणणे होऊन बसते. आजचा कॅमेरा म्हणजे डोळे फुटलेले मस्टर. कपाट मात्र तेच.

ही डोळे फुटलेली वही आली कोठून? १९५६ हे वर्ष ध्यानात ठेवावे. त्या एकाच वर्षी, अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, दोन वेगळ्या कंपन्यांनी दोन वेगळी यंत्रे जगापुढे आणली. अँपेक्स कंपनीने चित्र फितीवर मुद्रित करणारे पहिले व्यवहारोपयोगी यंत्र दाखवले. दोन इंच रुंदीची फीत, कपाटाएवढा आकार, किंमत सुमारे ५०,००० डॉलर. आणि आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या गणकयंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क बाहेर काढली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकीवर एक बसवलेल्या होत्या. वजन टनाच्या पुढे. आणि साठवण किती, तर पन्नास लाख अक्षरे. मघाच्या हिशेबाने आपल्या एका कॅमेऱ्याचे जेमतेम पंधरा-वीस सेकंद! ज्याच्या देखरेखीखाली ही डिस्क तयार झाली तो रेनॉल्ड जॉन्सन मुळात शाळामास्तर होता, हेही जाता जाता सांगावेसे वाटते.

फीत आणि तबकडी या दोघींची गाठ पडायला पुढे चाळीस वर्षे लागली. मधल्या काळात फितीचेच राज्य होते. १९७५ साली सोनीची बीटामॅक्स आली, १९७६ साली जेव्हीसीची व्हीएचएस आली. घरी बसून दूरदर्शनचा कार्यक्रम मुद्रित करून ठेवणे हा गुन्हा आहे काय, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की, नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा गुन्हा नाही. एका मताचा फरक! ते मत फिरले असते, तर घरातल्या पेटीचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. आपल्याकडे त्याच दशकात भाड्याच्या व्हीसीआरवर गल्लोगल्ली रात्रभर तीन-तीन सिनेमे चालत. ती कॅसेट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा एक गुण आठवत असेल: ती हातात धरता येत असे. तिच्यावर चिठ्ठी चिकटवता येई, आणि पुसायची नसेल तर तिच्या पाठीवरची प्लॅस्टिकची चकती मोडून टाकली की ती पुसली जात नसे.

बँकांत आणि मोठ्या कारखान्यांत पहारा करणारे कॅमेरे आधी या कॅसेटींवरच चालत. महिन्याच्या एकतीस कॅसेटी फळीवर मांडून ठेवीत. पहाटे एक काढायची, दुसरी घालायची, आणि महिन्याने पहिलीवर पुन्हा लिहायचे. तेथेही पुसणे होतेच. परंतु पुसण्यासाठी एका माणसाला उठून कॅसेट बदलावी लागे. त्या माणसाला ठाऊक असे की आपण आज मागल्या महिन्याचा दिवस पुसतो आहोत. एखाद्या तारखेला अपघात झाला असेल, तर त्याचा हात थबके. डिस्क आली आणि तो थबकणारा हात गेला. सोय झाली हे खरे. पण त्या सोयीबरोबर एक माणूसही गेला.

१९९९ साली अमेरिकेत टिव्हो आणि रिप्ले टीव्ही या नावांच्या पेट्या विक्रीस आल्या. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम फितीऐवजी डिस्कवर मुद्रित करणाऱ्या घरगुती पेट्यांत या पहिल्या. टिव्होच्या सुरुवातीच्या साध्या पेटीत सुमारे चौदा तासांचे चित्रण मावे. लोकांना चौदा तास पुरेनात. मग काही हौशी माणसांनी स्क्रू फिरवले, झाकण काढले, आणि आत पाहतात तो काय, घरच्या संगणकात असते तसलीच हार्ड डिस्क! त्यांनी ती काढून संगणकाला जोडली, तिची जशीच्या तशी नक्कल मोठ्या डिस्कवर उतरवली, मोठी डिस्क पेटीत बसवली, आणि चौदा तासांची पेटी शंभराच्या पुढे नेली. कोणी दुसरी डिस्क शेजारी जोडली. कसे करावे हे त्यांनी एकमेकांस फुकट शिकवले. कंपनीनेही आरंभी कानाडोळा केला.

त्यांना हे करता आले, कारण पेटीच्या आतला कारभार लिनक्स या प्रणालीवर चालत होता. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली हजारो लोकांनी वर्गणीच्या कामासारखी मिळून उभी केली. तिच्या परवान्याची अट अशी की, जो ही पुढे दुसऱ्याला देईल त्याने तिची मूळ संहिताही त्याला दिली पाहिजे, आणि पुढच्याला ती बदलण्याची मुभा असली पाहिजे. टिव्होने संहिता दिली, अट पाळली. पण पुढच्या पेट्यांत एक कुलूप घातले. पेटी सुरू होताना आतला मजकूर कंपनीच्या सहीचा आहे की नाही हे यंत्र तपासू लागले. सही नसली तर चालेना. म्हणजे संहिता वाचा, बदला, पण बदललेली आमच्या पेटीत चालणार नाही! शेताचा सातबारा तुमच्या नावावर, पण विहिरीच्या मोटारीची किल्ली आमच्याकडे, अशातला हा प्रकार. मुक्त संहितेच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी या रीतीला त्या पेटीवरूनच नाव ठेवले, आणि २९ जून २००७ रोजी निघालेल्या नव्या परवान्यात अशा कुलपांना मनाई केली. खुद्द टोरवाल्ड्स यांना ते पटले नाही. लिनक्सचा गाभा जुन्याच परवान्याखाली राहिला. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती. पण या वादाने एक प्रश्न उघड्यावर आणला, आणि तो आमच्या कामाचा आहे: पैसे देऊन घेतलेल्या पेटीत काय असावे, किती असावे, हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याचा की विकणाऱ्याचा?

आपल्याकडे २००८ साली टाटा स्काय प्लसने मुद्रण करणारी पेटी आणली. अशा पेटीत साठवलेले चित्रण त्या पेटीपुरतेच. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर ते उमटत नाही. पेटी बिघडली की साठवलेले गेले. घरची करमणूक गेली तर हळहळ वाटते, एवढेच. पण कॅमेऱ्याच्या पेटीत करमणूक नसते, तिच्यात पुरावा असतो. म्हणून आता त्या पेटीच्या पोटात शिरू.

आम्ही त्या तरुण कारागिराला शरण गेलो. धुळ्याच्या एका बोळात त्याचे आठ बाय दहाचे दुकान. त्याने आम्हांस एका रविवारी पेटी उघडून दाखवली. मागचे चार स्क्रू काढले की झाकण सरकते. आत एक हिरवा पत्रा, एक पंखा, आणि डिस्क. डिस्कला दोन वायरी, एक विजेची, एक मजकुराची. खालून चार स्क्रू. जुनी काढायची, मोठी बसवायची. पाच मिनिटांचे काम. मग त्याने "पण" म्हटले, आणि त्या एका "पण"मागून सारे शहाणपण बाहेर आले.

पहिला पण असा की, प्रत्येक पेटीला मोजण्याची मर्यादा असते. डिस्कवर मजकूर ५१२ बाइटच्या खणांत ठेवण्याची जुनी रीत आहे, आणि खणांना क्रमांक असतात. जुन्या यंत्रांत क्रमांक लिहिण्यास अठ्ठावीस जागा होत्या. त्यामुळे १३७ गिगाबाइटच्या पुढे ती पाहूच शकत नसत. पुढे एका मांडणीत बत्तीस जागा झाल्या, तेव्हा मर्यादा २.२ टेराबाइटवर आली. घर कितीही मोठे बांधा, पोस्टमनला जेवढे आकडे वाचता येतात तेवढ्याच खोल्यांत पत्र पोचणार. म्हणून डिस्क घेण्याआधी पेटीला किती झेपते हे तिच्या पुस्तिकेत पाहावे.

दुसरा पण डिस्कच्या जातीचा. साध्या संगणकाची डिस्क दिवसाचे काही तास चालावी म्हणून केलेली असते. कॅमेऱ्याची डिस्क रात्रंदिवस लिहीत असते, म्हणून त्या कामासाठी वेगळी डिस्क मिळते. स्वस्तात साधी बसवली तर ती लवकर थकते, आणि थकली हे बहुधा अपघाताच्या दिवशीच कळते. त्यात आपला उन्हाळा! मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, कापसाच्या तुसाने पंखा गुदमरलेला, अशा पेटीत डिस्क भाजून निघते. पंखा साफ ठेवणे आणि पेटी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे, ही बिनपैशाची दुरुस्ती आहे.

तिसरा पण विजेचा. एकीच्या जागी दोन डिस्का लावल्या, तर सुरू होताना त्या दोघी एकदम जोर मागतात. बारा व्होल्टचा जुना अडॅप्टर तेवढा जोर देत नाही. पेटी सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. दोष डिस्कचा वाटतो आणि असतो अडॅप्टरचा.

चौथा पण सर्वांत महत्त्वाचा. नवी डिस्क लावली की पेटी विचारते, "फॉरमॅट करू?" नवीला होय म्हणावेच लागते. पण पुरावा असलेली जुनी डिस्क दुसऱ्या पेटीत पाहण्यासाठी लावली, तर तीही कित्येकदा हाच प्रश्न विचारते. तेथे घाईने होय म्हटले की संपले! आणि बदललेली जुनी डिस्क भंगारात देऊ नये. तिच्यावर तारीख लिहून, पाकिटात घालून, सही करून ठेवावी. राजवाड्यांनी दप्तरे राखली ती अशाच काळजीने.

पाचवा पण घड्याळाचा. पेटीतला छोटा सेल मेला की वीज गेल्यावर तारीख भलतीच दाखवू लागते. चित्र खरे, तारीख खोटी. अशा साक्षीदाराला कोर्टात उलटतपासणीत कोण वाचवणार?

कोर्टाचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्याच महाराष्ट्रातल्या जालना मतदारसंघाचे एक प्रकरण या बाबतीत देशभर नाव घेतले जाते. २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, असा वाद होता, आणि निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण हा पुरावा होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केले तर गोष्ट वेगळी. नक्कल द्यायची असेल तर कायद्यात सांगितलेला दाखला तिच्यासोबत हवाच. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या दाखल्याच्या नमुन्यात साधनांच्या यादीत "डीव्हीआर" हे नाव छापलेलेच आहे, आणि नकलेचा "हॅश", म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला आकडी ठसा, लिहावा लागतो. नकलेतले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो. कामगाराच्या अंगठ्याइतकीच आता डिस्कच्या अंगठ्यालाही किंमत आली.

त्याच वर्षी, २ डिसेंबर २०२० रोजी, परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावण्याबाबत आदेश दिला. कोठडीतल्या माणसाला मारहाण झाली तर ती दिसावी, हा हेतू. न्यायालय कॅमेऱ्यांपाशी थांबले नाही. चित्रण अठरा महिने राहिले पाहिजे, आणि तेवढे ठेवणारे यंत्र बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त काळाचे घ्या, पण एक वर्षाच्या खाली जाऊ नका, असे बजावले. पुन्हा आपला भागाकार करून पाहा. आठ कॅमेरे, दिवसाचे १७२.८ गिगाबाइट, आणि अठरा महिन्यांचे सुमारे ५४८ दिवस: जवळजवळ ९५ टेराबाइट. चित्र निम्म्या मजकुरात बसवले तरी सत्तेचाळीस. म्हणजे न्यायमूर्तींनी दिलेला न्याय अखेर डिस्कच्या मापात येऊन बसतो. ज्या पेटीत एक टेराबाइट आहे, तिच्यापुढे अठरा महिन्यांचा आदेश वाचून दाखवला तरी ती पावणेसहा दिवसांनी विसरणारच.

त्या जिनिंगची गोष्ट अर्धी ठेवली होती, ती पुरी करतो. पुढच्या हंगामाच्या आधी कराराची बोलणी झाली. पगाराची कलमे झाल्यावर आम्ही एक कलम पुढे केले: पेटीत आठ टेराबाइट असावेत. मालकाच्या बाजूने विचारणा झाली, युनियनला हार्ड डिस्क कशाला हवी? आम्ही कागदावर भागाकार मांडला. हजाराला पावणेसहा दिवस, आठ हजारांना सेहेचाळीस. जखमी माणूस दवाखान्यातून उठून आमच्यापर्यंत येण्यास सेहेचाळीस दिवस पुरतात. मालक हिशेबी माणूस होता. तो म्हणाला, हे चित्र आमच्याही बाजूने बोलू शकते की! आम्ही म्हटले, बोलू द्या; खोट्याला आम्हीही पाठीशी घालणार नाही. कलम मान्य झाले. त्या पेटीला आठची एक डिस्क झेपेना, म्हणून चार-चारच्या दोन बसल्या, आणि अडॅप्टर बदलला.

पण हे कलम आमच्याच सभासदांपुढे ठेवले तेव्हा बायांच्या बाजूने एक प्रश्न आला, आणि तो आम्हांला सुचला नव्हता. "आप्पा, आमच्यावर पावणेसहा दिवस नजर होती, ती तुम्ही सेहेचाळीस दिवसांची केली. चहाला किती बसलो, कोणाशी बोललो, हे पण सेहेचाळीस दिवस राहणार ना?" आम्ही निरुत्तर झालो. आठवण वाढवणे म्हणजे पाळत वाढवणेही असते. म्हणून कलमाला पोटकलमे जोडली. कॅमेरे यंत्रांवर असतील. विसाव्याच्या शेडवर आणि पाण्याच्या टाकीवर नसतील. चहाची मिनिटे मोजण्यासाठी चित्रण वापरले जाणार नाही. अपघात झाल्यास चोवीस तासांच्या आत त्या वेळेची नक्कल दोन्ही बाजूंच्या समक्ष काढली जाईल, तिचा ठसा कागदावर लिहिला जाईल, आणि एक प्रत कामगारांकडे राहील. पेटीची किल्ली मालकाकडे राहिली. नकलेची किल्ली आमच्याकडे आली. शंभर वर्षांपूर्वी हजेरी कार्डासाठी जे भांडण झाले, ते आम्ही या शतकात अशा रीतीने पुन्हा भांडलो.

देशपातळीवरही वारे थोडे फिरत आहेत. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी माहितीचे दालन उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने यांचा त्यात विचार आहे. आपल्या वस्तूचे झाकण उघडण्याचा आणि ती दुरुस्त करण्याचा हक्क ही आता हौशी माणसांची लहर राहिलेली नाही. धुळ्याच्या बोळातला तो कारागीर ज्या दिवशी बिनघोर झाकण उघडू शकेल, त्या दिवशी कितीतरी गरिबांचे पुरावे वाचतील.

श्रोतेहो, ही व्याख्याने ऐकून आपण घरी जाल. कोणाचे दुकान आहे, कोणाचा दवाखाना, कोणी सोसायटीचे चिटणीस, कोणी शाळेचे मुख्याध्यापक. प्रत्येकाच्या भिंतीवर कॅमेरा आहे, आणि तो आहे म्हणून आपण निश्चिंत आहोत. आमची एवढीच विनंती की, उद्या सकाळी पेटी चालू करून सर्वांत जुना दिवस कोणता दिसतो तो पाहावा. तारीख-वेळ बरोबर आहे का, तेही पाहावे. जो आकडा दिसेल तेवढीच आपल्या सावधपणाची लांबी. तो आकडा कमी वाटला, तर चार स्क्रूंचे काम आहे.

त्या बाईची चार बोटे परत येणार नाहीत. पण तिच्या शेजारी, त्याच पट्ट्यावर, आता दुसरी एक बाई उभी असते, आणि जाळी जागेवर आहे. आहे हे आम्ही सेहेचाळीस दिवसांपर्यंत दाखवू शकतो.